दुसऱ्या तपासणीसाठी लोहाऱ्याला

चि. रेवा आणि चि. निखिल,

परवा रेवा फोनवर म्हणाली की बाळाच्या कानांची तपासणी दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी झाली. एका कानाचं नक्की कळलं नाही, म्हणून पुन्हा बोलावलं आहे. पण त्याच आठवड्यात घर बदलायचं आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात पाहू, असंही ती म्हणाली. त्यावर निखिलने मामा या नात्याने मत दिलं की बहुतेक मुलं दुसऱ्या वेळी पास होतात. मी फोनवर वाद घालत नाही, कारण तुमचा आवाज परदेशातून उशिरा पोचतो आणि तुम्ही दोघं एकदम बोलता. म्हणून लिहायला बसले.

आजीचं असलं तरी हे उपदेशाचं पत्र नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तीन दिवसांच्या प्रवासाची हकीकत आहे. उपदेश कुठे सापडलाच तर ज्याचा त्याने काढून घ्यावा. अवघड शब्द आईला विचारावेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्याला तेव्हा उस्मानाबाद म्हणायचे. मी सोलापूरला कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत नोंदी ठेवायचे. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि अक्षर वळणदार होतं, एवढ्यावर ती नोकरी मिळाली होती. शाळेतल्या शिक्षिका कुसुम कांबळे आठवड्यातून दोनदा बाळंतिणींच्या वॉर्डात जायच्या आणि झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानापाशी खुळखुळा वाजवायच्या. बाळ दचकलं, पापणी हलली, की ठीक. नाही हललं तर आईच्या हातात एक कार्ड द्यायचं: तीन महिन्यांनी दुसऱ्या तपासणीला या. वॉर्डात आजच्यासारखी यंत्रं नव्हती. खुळखुळा, पितळी घंटा आणि कुसुमताईंचे डोळे, एवढंच सामान.

पहिली तपासणी व्यवस्थित चालली होती. दुसऱ्या तपासणीला कोणी येत नव्हतं. आम्ही पोस्टकार्डं पाठवली, ती "या नावाचे कोणी येथे नाही" असा शेरा घेऊन परत आली. मी ती तारखेप्रमाणे लावून ठेवली. शाळेच्या समितीच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, लोक अडाणी आहेत. मी ते इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "इतिवृत्त पुरे झालं. जीप घ्या आणि जाऊन शोधा." माझ्याकडे त्या भागातली नऊ कार्डं होती. मी ती पाकिटात घातली आणि पाकिटावर "नऊ" असं लिहिलं.

पहिला दिवस : जळकोट

जीप हमीदभाई चालवायचे. ते नळदुर्गचे. त्यांच्या मते गाडीला मन असतं आणि ते आपण राखायला हवं. सकाळी निघालो तेव्हा मन ठीक होतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. नळदुर्गाशी बोरी नदीच्या पात्रात शेळ्या चरत होत्या. काय चरत होत्या ते मला दिसलं नाही, त्यांना दिसत असावं. हैदराबादच्या रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी रोजगार हमीची कामं चालू होती. बाया खडी फोडत होत्या आणि बाभळीच्या फांद्यांना बांधलेल्या झोळ्यांत त्यांची मुलं झोपली होती. हातोड्यांचा आवाज जीपमध्येही कानात बसत होता.

"बघा बाई," कुसुमताई म्हणाल्या, "सगळी गाढ झोपलीयत. यावरून काय ठरवायचं?"

मी विचार करून म्हटलं, "काहीच नाही."

"बरोबर. घरच्यांनाही असंच काही ठरवता येत नाही."

जळकोटला पोचता पोचता जीपमधून वाफ यायला लागली. हमीदभाईंनी टोपण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "बाईसाब, गाडी कू पानी होना."

समोर टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागली होती. ती चावडीपासून पार सडकेपर्यंत आली होती. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी रांग लावली आहे, पण माणसांच्या रांगेत जाऊन गाडीसाठी पाणी मागायची वेळ तेवढी एकदाच आली. मागितलं.

"माणसं झाली, जनावरं झाली, आता गाड्या बी आल्या व्हय पाण्याला?" एक बाई म्हणाली.

"येऊ दे की. कशी फुसफुसती बघ, व्यालेल्या म्हशीवानी," दुसरी म्हणाली आणि तिनं आपल्या घागरीच्या तळातलं तांब्याभर पाणी हमीदभाईंना दिलं. आम्ही रिकाम्या हातानं उभ्या राहू नये म्हणून मी पाकीट काढलं.

पहिलं कार्ड होतं: सौ. सुनंदा दिगंबर माने, मु. पो. जळकोट. मुलगी.

"माने न्हाईत गावात."

"हाईत की दोन घरं, पर त्यात दिगंबर न्हाय."

"सुनंदा मास्तराची बायको. पर तिला लेकरूच न्हाय."

रांगेच्या कडेला बांगड्यांची टोपली घेऊन चंद्राबाई कासारीण बसली होती. सगळ्या बाया एका जागी सापडतात म्हणून टँकरच्या दिवशी ती हमखास तिथं बसायची. एका मुलीच्या हातात बांगडी चढवता चढवता, वर न बघताच तिनं विचारलं, "पोर कवाची?"

"सात महिन्यांची होईल आता."

"म्हंजी पोळ्याच्या आगंमागं. पहिलटकरीण का?"

मी कार्ड पाहिलं. "पहिलीच."

"मग ती हितली सून न्हाय, लेक हाय." चंद्राबाईनं आता वर पाहिलं. "पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंत झाली, बारसं झालं, गेली सासरी. आन् सासरचं नाव घेऊन तुमी तिला माहेरात हुडकता! हितं कुणाला ठाव सासरी तिला काय म्हणतेत? ती आमची पारू. लोहाऱ्याला दिलीया. तिथं सुनंदा म्हणतेत. म्या दोन्हीकडं बांगड्या भरती, म्हणून मला ठाव."

रांगेतल्या बाया म्हणाल्या, "आत्ता! पारू व्हय!" आणि मग पारूचं घर कुठलं, तिची आई कुठं खडी फोडायला गेली आहे, हे सगळं चार तोंडांनी एकदम सांगून झालं.

कुसुमताईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमचं माहेरचं नाव काय?"

"विमल."

"आणि आत्ताचं?"

"मालती."

"हं," त्या म्हणाल्या.

ते कार्ड मी आखलं होतं. समोर एक इंग्रजी पुस्तिका ठेवून, फूटपट्टीनं. आईचं नाव, एक ओळ. पत्ता, एक ओळ. माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण साताऱ्याला माहेरी झालं होतं. लग्नात ताटातल्या तांदळात माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा मी शुद्धीवर होते. तरी ओळ एकच आखली. परत आलेल्या सगळ्या पोस्टकार्डांवर पोस्टमनांनी खरं तेच लिहिलं होतं.

चंद्राबाईनं टोपली उचलली आणि न विचारता जीपमध्ये पुढं बसली. दुपारपर्यंत तिच्यामुळे पाच घरं सापडली. तीन बाळं खुळखुळ्याकडे चटकन वळली आणि एकानं तो हिसकावून घेतला. पाचव्या घराला कुलूप होतं. तीन कार्डांची ओळख तिलाही पटली नाही; सुनंदाचं दुसऱ्या दिवसावर ठेवलं. जेवणही तिच्याकडेच झालं: ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. आमच्याकडे साताऱ्याला पाहुण्याला आधी विचारतात, मग पाहुणा दोनदा नको म्हणतो. इथं भाकरी सरळ हातात पडते आणि विषय संपतो. माडगं मी दोनदा घेतलं.

दुसरा दिवस : लोहारा

मान्यांचं घर गावाच्या टोकाला, आता तहसील कचेरी आहे तिच्या मागच्या वाटेवर. अंगणात दोन म्हशी उसाचं वाढं चघळत उभ्या होत्या. सगळं गाव ज्यांना आक्का म्हणायचं त्या सुनंदाच्या सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला पितळी तांब्यातून पाणी आलं, कुसुमताईंना काचेच्या ग्लासातून. कुसुमताई पाणी प्यायल्या. नंतर त्या मला एवढंच म्हणाल्या, "ग्लास स्वच्छ होता. मी बघून घेतला."

मुलीचं नाव शोभा. काजळ भरलेली, गुटगुटीत, जो कोणी येईल त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणारी. सुनंदा तिला मांडीवर घेऊन दाराच्या आत बसली होती. वय एकोणीस-वीस.

"कान? तिच्या कानाला काय धाड भरली?" आक्का म्हणाल्या. "बारशाला हिच्या आत्यानं कानात कुर्र केलं, तर खुदकन हसली. समद्या बायांनी बघितलं. आयकू आलं न्हाय तर हसल कशी?"

निखिल, तुझ्या बारशाला माझ्या लेकीनं हेच केलं होतं, तू रडला होतास. आत्या बाळाच्या कानाला तोंड लावून कुर्र करते आणि मग नाव सांगते. कुसुमताईंनी वाद घातला नाही. त्या शोभाच्या मागं जाऊन बसल्या आणि आवाज न करता तिच्या कानावर हलकेच फुंकर घातली. शोभा खुदकन हसली. मग त्यांनी त्याच जागी, पण हात लांब धरून, घंटा वाजवली. शोभा माझ्या चष्म्याकडे बघत राहिली. म्हशीनं मात्र मान वळवली.

"तिचं ध्यान तुमच्या चष्म्यात हाय," आक्का म्हणाल्या.

"असेल," कुसुमताई म्हणाल्या. "म्हणूनच दुसरी तपासणी करायची. सोलापूरला या. शांत खोली आहे, यंत्र आहे. एक दिवस लागेल."

"कोण येणार? धारा कोण काढणार?"

मग कळलं ते असं. त्या वर्षी शेतात काही नव्हतं. घर चालत होतं ते दोन म्हशींवर. सकाळ-संध्याकाळ दूध सहकारी संस्थेत घालायचं, आणि तिथली घंटा व्हायच्या आत घालायचं. त्यातली मोठी म्हैस सुनंदाशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नव्हती. आक्कांना तिनं एकदा बादलीसकट उडवलं होतं. सोलापूरची गाडी पहाटे निघते आणि दिवेलागणीला परत येते. म्हणजे दोन वेळचं दूध बुडालं, शिवाय म्हैस आटायची भीती.

अडाणीपणावर दहा मिनिटं बोलायची मी तयारी केली होती. त्यात म्हशीबद्दल एकही मुद्दा नव्हता.

संध्याकाळी हमीदभाईंना चहासाठी दूध हवं होतं म्हणून आम्ही संस्थेत गेलो. दगडी भिंतींची एक खोली, दारात कॅन, टेबलावर फॅट काढायच्या काचेच्या नळ्या. वसंतराव नावाचे सचिव वहीत मान घालून बसले होते. रांगेत आक्का होत्या. त्यांच्या दुधाची फॅट लागली, दर तिच्यावरच ठरायचा. सचिवांनी आकडा सांगितला.

"खोटं हाय. पुन्हा लाव," आक्का म्हणाल्या.

"आक्का, मागं रांग हाय."

"आसू दे. एकदा लावल्यानं काय कळतंय? एकदा माशी बी शिंकती. पुन्हा लाव म्हनलं न्हवं?"

सचिवांनी निमूटपणे पुन्हा लावली. रांगेतलं कुणीही कुरकुरलं नाही, यावरून हे रोजचं असावं. आमच्याकडे वळून ते म्हणाले, "तुमचं काय काम होतं, ताई?" कुसुमताईंनी थोडक्यात सांगितलं. सचिवांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"आक्का, म्हशीच्या दुधाला दोन येळा लावायला लावता. नातीला एकदाच?"

रांग हसली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी रिकामी किटली उचलली, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "सोलापूर-बिलापूर न्हाय. हितं लावा म्हणावं. माझ्या डोळ्यांदेखत."

सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाच्या मधे ती खोली रिकामीच असायची. सचिवांनी किल्ली कुसुमताईंच्या हातात दिली.

तिसरा दिवस : दूध संस्था

शाळेचं फिरतं यंत्र जीपमध्ये होतं, एका पेटीत, गोधडीत गुंडाळलेलं; वीज आणि शांत खोली असल्याशिवाय ते चालायचं नाही. आम्ही ते अकराला लावलं. वीज बाराला आली. तेवढ्या वेळात हमीदभाईंनी सगळे कॅन बाहेर काढले, कारण हात लागला की ते वाजायचे. मग ते रस्त्यावर उभे राहून शेळ्यांना आणि सायकलींना दुसऱ्या वाटेनं धाडू लागले. "अंदर इम्तिहान चालू है," ते सगळ्यांना सांगत होते. कुणाची परीक्षा, ते कुणी विचारलं नाही.

सुनंदा शोभाला मांडीवर घेऊन बसली. मी समोर कापडी बाहुली घेऊन, शोभाची नजर पुढं राहावी म्हणून. कुसुमताई मागं, यंत्रापाशी. आक्का दाराशी, पदर तोंडाला लावून. श्वास ऐकू येऊ नये म्हणून असावा.

आधी बारीक, शिट्टीसारखे आवाज. हळू, मग मोठे. ती वळली नाही की मी कागदावर फुली मारत गेले. शोभा बाहुलीकडे बघत होती. शेवटी आवाज इतका मोठा झाला की माझ्याच कानात कळ आली आणि आक्कांनी डोळे मिटले. शोभानं बाहुलीचा पाय तोंडात घातला. मग जाड, ढोलासारखे आवाज. फुली, फुली, फुली. सगळ्यांत मोठ्या आवाजाला ती चोखायची थांबली. तिनं पाय सोडला आणि मान हळूच मागं वळवली.

"तिथं आहे," कुसुमताई म्हणाल्या. "थोडं आहे, पण आहे."

"पुन्हा लाव," आक्का म्हणाल्या.

कुसुमताईंनी सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. त्याच जागी फुल्या, त्याच जागी मान वळली. रेवा, दुसरी तपासणी म्हणजे एवढंच असतं. बाळ पास होईल की नाही, हे ती झाल्याशिवाय कुणाच्याही मतावरून ठरत नाही. निखिलच्याही नाही.

मग दोन दिवसांत पहिल्यांदा सुनंदा बोलली.

"म्या रोज ताट टाकती."

"काय टाकती?" आक्कांनी विचारलं.

"ही पाठमोरी बसली की मागं ताट टाकती. भुईवर टाकलं तर वळती, हादरा बसतो म्हणून. गोधडीवर टाकलं तर न्हाय वळत. तिसऱ्या महिन्यापासनं टाकती."

"आन् बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी म्हनला असता माझ्याच अंगातलं हाय. माहेरी धाडलं असतं."

"म्हनलं का कुणी तसं?"

"अजून न्हाय," सुनंदा म्हणाली.

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मग कुसुमताईंकडे वळल्या आणि दूध घालताना बोलायच्या त्याच आवाजात विचारलं, "मशीन बसवत्यात म्हणं कानाला. कवा?"

"वर्षाच्या आत बसलं तर बोलणं यायची आशा जास्त. दर महिन्याला एकदा यावं लागेल. मूल एकटं नाही, आईसकट. आईलाच शिकवायचं असतं, कसं बोलायचं ते."

"म्हंजी हिलाच यावं लागनार."

"हिलाच."

आता म्हैस. मी यावर काही सुचतं का ते पाहत होते. इंग्रजी पुस्तिकेत यावर प्रकरण नव्हतं. आक्का उठल्या, त्यांनी शोभाला कडेवर घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "जायच्या दिवशी तुझं हिरवं लुगडं धुऊ नको. ठेवून जा."

"कशाला?"

"म्या नेसती अन् बसती धारंला. वासानं फसली तर फसली. आपल्यापेक्षा शहाणी न्हाय ती."

फसली की नाही ते तेव्हा कळणार नव्हतं. पण किल्ली घ्यायला आलेल्या सचिवांनी जाग्यावरच ठरवून टाकलं की जायच्या दिवशी दुधाच्या टेम्पोत पुढची जागा सुनंदाची, सडकेपर्यंत. टेम्पोवाल्याला त्यांनी विचारलं नव्हतं.

परत

सोलापूरला आल्यावर मी कार्ड नवं आखलं. आईचं माहेरचं नाव, माहेरचं गाव; सासरचं नाव, सासरचं गाव; पहिलं बाळंतपण की नाही; बारशानंतर बाळ कुठं राहणार. खाली एक ओळ: दोन्ही गावांत ओळखणारी व्यक्ती. समितीतल्या त्याच सभासदांनी विचारलं की इतके रकाने कशाला. मी म्हटलं, जुन्या कार्डात एक चूक होती आणि ती माझी होती. तेही इतिवृत्तात स्वच्छ अक्षरात लिहिलं. यंत्रही तेव्हापासून तीन महिन्यांतून एकदा जीपनं लोहाऱ्याला जाऊ लागलं, दोन दुधांच्या मधल्या वेळात. लोक येऊ लागले. सगळे नाही, पण बरेच.

शोभाला दहाव्या महिन्यात कानाचं यंत्र बसलं. झबल्यावर शिवलेल्या खिशात काडेपेटीएवढी डबी आणि तिच्यातून कानाला गेलेली वायर. वायर ती ओढायची. पहिल्या खेपेला म्हशीनं आक्कांना उडवलं, दुसऱ्या खेपेला वास घेतला आणि उभी राहिली. शोभाचा पहिला शब्द "दे" होता. तो आजीला होता की म्हशीला, यावर घरात मतभेद राहिले.

आता काय उरलं आहे ते लिहून थांबते. दूध संस्था पुढं बंद पडली, त्या खोलीत खताची पोती असतात. आक्का नाहीत, हमीदभाई नाहीत. कुसुमताई आहेत, निवृत्त होऊन जळकोटला असतात. दोन नावांचं आणि दोन गावांचं कार्ड शाळेत अजून छापलं जातं. शोभा लोहाऱ्यातच असते, शिवणकाम करते, आणि बोलते. नवख्या माणसाला पहिली दोन वाक्यं पुन्हा विचारावी लागतात. मग लागत नाहीत.